मोरा ते कामोठे, ओहोटीच्या पाण्यावर

लोक लडाखला जाऊन येतात, काशीला जाऊन येतात आणि मग लिहितात. मी कामोठ्याला जाऊन आले. आमच्या उरणच्या मोरा बंदरापासून कामोठं इतकं जवळ आहे की आळीतली माणसं तिकडे दात काढायला जातात आणि संध्याकाळच्या चहाला परत येतात. त्याला मी प्रवास म्हणते म्हणून माझी धाकटी बहीण तन्वी आत्ता शेजारी बसून हसते आहे. हसू दे. दिवाळीची सुट्टी आहे, वेळ आहे, आणि पुढच्या वर्षी तिलाही जायचं आहे. आळीत तिच्या वयाच्या आणखी मुली आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मुलींनो, अंतरावर जाऊ नका. या प्रवासात मी जेवढी घाबरले तेवढी आयुष्यात घाबरले नव्हते, आणि मी काही शूर मुलगी नाही. मी झुरळाला घाबरते, लिफ्टला घाबरते, फोनवर अनोळखी नंबर आला तरी घाबरते.

मोरा

मला नर्सिंगला प्रवेश मिळाला. पहिल्या वर्षाला हॉस्टेल सक्तीचं, मग घर कितीही जवळ असो. बातमी आली तेव्हा आईने पेढे वाटले आणि मी संडासात जाऊन बसले. भीती वाटली की माझ्या पोटात आधी कळ येते. हे घरात सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे कोणी दार वाजवलं नाही.

मला नक्की कशाची भीती वाटत होती ते सांगते. रॅगिंगची, मेलेल्या माणसांची, इंग्रजीतून शिकवतील त्याची, हे सगळं होतंच. पण खरी भीती होती अश्विनीची. अश्विनी आमच्या मागच्या दारची. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, शाळेत पहिली यायची. ती पुण्याला हॉस्टेलला गेली आणि आठवडा व्हायच्या आत परत आली. काय झालं ते तिने कधी सांगितलं नाही. आता ती कोळंबी सोलायच्या शेडमध्ये जाते. तिला कोणी काही बोलत नाही. फक्त आळीतली कुठली मुलगी शिकायला बाहेर निघाली की तिचं नाव निघतं. आई तर एकदा माझ्यादेखत म्हणाली की थोरली टिकली तर धाकटीचं बघू, नाहीतर दोघी इथेच बऱ्या. तन्वी तेव्हा अभ्यास करत होती. तिने मान वर केली नाही, पण पान उलटायचं थांबली. त्या दिवसापासून माझ्या भीतीत तन्वीचीही भीती मिसळली.

अश्विनी का टिकली नाही याचं कारण आळीतल्या बायकांनी शोधून काढलं होतं. ती ओहोटीला निघाली होती.

हे बाहेरच्यांना समजावून सांगायला हवं. आमच्याकडे नव्या कामाला भरतीचं पाणी बघतात. साखरपुड्याला निघायचं असो, घराचा पाया खणायचा असो, मुलाला पहिल्यांदा शाळेत न्यायचं असो, भरती लागली की निघायचं. पाणी चढतं तसं काम चढतं. ओहोटीला निघालेलं काम ओसरतं. म्हातारी माणसंही ओहोटीलाच जातात असं म्हणतात. आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्या बायका पाणी कधी उतरतंय ते विचारतात आणि मग गप्प होतात. चंद्र, गुरुत्वाकर्षण वगैरे मी शाळेत आकृती काढून लिहिलं आहे, मार्कही पडले आहेत. तरी पेपरला निघताना मी खाडीकडे बघायचे. दोन्ही एकाच डोक्यात सुखाने राहत होतं.

माझा बाबा तांडेल आहे, म्हणजे होडी चालवणारा, होडीवरच्या माणसांचा म्होरक्या. नारळी पौर्णिमा झाली होती, होड्या समुद्रात जायला लागल्या होत्या. ऐन हंगामात त्याने माझ्यासाठी एक फेरी सोडली. तो फार बोलत नाही. त्याने माझ्यासाठी केलेल्या गोष्टी मला दुसऱ्यांकडूनच कळतात.

निघायचा दिवस होता श्रावण वद्य षष्ठी. हॉस्टेलवर एकच्या आत हजर व्हायचं होतं. बाबाने बोटांच्या पेरांवर तिथी मोजली आणि सांगितलं की पाणी पावणेअकराच्या सुमाराला लागेल, तेव्हा निघू. भरती सुरू झाली की आम्ही 'पाणी लागलं' म्हणतो. आईने उशीर होईल, रस्त्याला कंटेनर असतात, असं बरंच सांगून बघितलं.

"पानी लागल्याबिगर पोरीला घराभायेर काढायची नाय," बाबा म्हणाला.

विषय संपला. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. दोन-तीन तास घर आणखी मिळालं.

पण ते तास वाईट गेले. सामान सकाळीच बांधून दाराशी ठेवलं होतं. गादीची वळकटी, बादली, बादलीत मग, मगात कुलूप. आईने जवळ्याच्या, म्हणजे सुकवलेल्या बारीक कोळंबीच्या, चटणीची बाटली स्वेटरमध्ये गुंडाळून घातली. हॉस्टेलच्या नियमात बाहेरचे मांसाहारी पदार्थ चालणार नाहीत असं होतं, ते मी तिला वाचून दाखवलं. जवळा म्हणजे काय मटण आहे का, असं म्हणून तिने बॅगेची चेन लावली. शेजारपाजारचे येऊन जात होते. जो येईल तो सामानाकडे बघायचा, मग माझ्याकडे, मग म्हणायचा, अजून इथेच?

अश्विनीही आली. दारातच उभी राहिली, चार्जर घेतलास का विचारलं. मग बराच वेळ नखं बघत राहिली. जाताना हळूच म्हणाली, "पयल्या दिवशी घरचा फोन उचलू नको. आवाज ऐकला का संपलं."



रस्ता

आळीतला एक टेम्पो बर्फ आणि मासळी घेऊन पनवेलकडे जातो, त्यातून निघालो. आई सोबत आली नाही, ती रडली असती आणि मग मीही. दारातच तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि आत गेली. तन्वी टेम्पोमागे वळणापर्यंत आली.

पुढच्या सीटवर ड्रायव्हर, मधे मी, खिडकीशी बाबा. बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरच्या रांगेत आम्ही जे अडकलो ते अडकलोच. पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर, बाजूला ट्रेलर. उरणच्या लोकांना याचं काही वाटत नाही. ड्रायव्हरने शांतपणे इंजिन बंद केलं आणि डबा काढला. मी मोबाईलमधलं घड्याळ बघत होते. बाबा मधेच दिसणाऱ्या खाडीकडे बघत होता. कांदळवनाच्या मुळांशी चिखल झाकत पाणी आत येत होतं.

चढतंय, असं तो एकदाच म्हणाला, जणू त्यामुळे रस्ता मोकळा होणार होता.

कामोठ्यात पोचलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. चौकात तीन दिवसांवर आलेल्या दहीहंडीसाठी स्टेज बांधत होते, स्पीकर तपासत होते. गादी खाली उतरवली तेव्हा कळलं की मागे बर्फाचं पाणी सुटून ती एका बाजूने भिजली आहे. बर्फाचं पाणी म्हणजे नुसतं पाणी नव्हे, मासळीवरून आलेलं. आमच्या नाकाला ते कळत नाही. हॉस्टेलच्या दाराशी उभ्या असलेल्या मुली दोन पावलं मागे सरकल्या, त्यावरून कळलं.

रेक्टर मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं, असं वाटलं. वेळ एकपर्यंतची होती एवढंच त्या म्हणाल्या आणि उशीर का झाला ते विचारलं. बाबा म्हणाला, ट्रॅफिक. पाण्याचं तो बोलला नाही. आमच्या आळीत मोठमोठ्या माणसांना ऐकवणारा माझा बाबा त्या टेबलासमोर टोपी हातात घेऊन उभा होता आणि ट्रॅफिक म्हणत होता. मॅडमनी सांगितलं की परवा अष्टमीची सुट्टी आहे, म्हणून उद्या सकाळी दहाच्या आत या, नाहीतर खाट वेटिंगवरच्या मुलीला द्यावी लागेल. खाट गेली म्हणजे प्रवेशही लटकला, कारण हॉस्टेल सक्तीचं.

बाहेर आल्यावर पहिल्यांदा मला काय वाटलं असेल तर सुटले असं वाटलं. मग तन्वीचं थांबलेलं पान आठवलं आणि हात गार पडले.

घरी परत जायचा प्रश्न नव्हता. नव्या कामाला निघालेलं माणूस त्याच दिवशी तसंच परत फिरत नाही. बाबा म्हणाला, आत्याकडे जाऊ.

खांदेश्वर

माझी आत्या, बाबाची धाकटी बहीण, खांदेश्वरला स्टेशनच्या बाजूला एका सोसायटीत सातव्या मजल्यावर राहते आणि एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला जाते. लग्न होऊन गेली त्याला इतकी वर्षं झाली की तिला आता भरतीची वेळ आठवत नाही, असं ती हसत सांगते. बाबाला ते आवडत नाही.

आत्या खाली घ्यायला आली होती. लिफ्टमध्ये आम्ही तिघं आणि गादी. माझा श्वास कोंडला होता, लिफ्टमधल्या दुसऱ्या बाईंचाही, पण त्यांचं कारण गादी. आत्याने ती गॅलरीत कठड्यावर टाकली, वरून कापूर चुरडून टाकला आणि खाली कोणी वर बघत नाक धरलं तर धरू दे म्हणाली. आमच्याकडे दिवसा दार लावलं तर शेजारीण विचारायला येते, कोणी आजारी आहे का म्हणून. आत्याच्या मजल्यावर चारही दारं बंद होती. समोर कोण राहतं ते आत्याला आडनावापुरतं माहीत होतं. मी मनात म्हटलं, हॉस्टेलात असंच असणार. मी आत तापाने फणफणले तरी कोणाला कळणार नाही.

जेवायला तिने बांगडे तळले होते. बाजारातला बांगडा ताटात आला की बाबा त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघतो. पण बहिणीसमोर त्याने दोन खाल्ले. मला एकही उतरला नाही. झोप आली की नाही ते विचारू नका.

सकाळी उठले तर बाबा गॅलरीत उभा होता. समोर इमारती, त्यामागे आणखी इमारती, पाण्याचा थेंब नाही, आणि तो पेरं मोजत होता. मला पेरं मोजायची गरज नव्हती. पाणी रोज पाऊण तास पुढे सरकतं. काल पावणेअकरा, म्हणजे आज साडेअकरा. आणि मॅडमनी दहा सांगितले होते.

आत्या कामाला निघाली होती. चपला घालता घालता तिने विचारलं, निघताय ना. बाबा म्हणाला, पाणी लागू दे, फोन करून सांगू त्यांना. आत्या चप्पल एका पायात घालून तशीच थांबली.

"दादा, इथं कंचं पानी? इथं सकाळचं नळाला पन येत नाय."

बाबा हसला नाही. आत्याने माझ्याकडे एकदा बघितलं, डब्याची पिशवी उचलली आणि गेली. तिची बस चुकली असती.

मग आम्ही दोघंच राहिलो. बाबाने कॉलेजला फोन लावला, कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. नऊ वाजून गेले. तो गॅलरीत जाऊन खुर्चीवर बसला, गादीला पाठ लावून. मला त्याला काही म्हणायचं धाडस नव्हतं. आणि तुम्हाला खोटं कशाला सांगू, तो अडाणीपणा करतोय आणि मी शहाणी आहे असं मला वाटत नव्हतं. मीही घाबरले होते. ओहोटी चालू होती. मी आत्ता बाहेर पडले तर अश्विनीसारखीच परत येईन, हे मला दिवसासारखं स्वच्छ दिसत होतं. आणि नाही पडले तर खाट जाईल हेही तितकंच स्वच्छ. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते मी निबंधात बऱ्याचदा लिहिलं होतं. त्या दिवशी कळलं की पुढे काय करायचं ते निबंधात लिहायचं राहिलं होतं.

शेवटी मी बॅग उचलली. "बाबा, मी जातंय. तू पानी लागलं का गादी घेऊन ये."

त्याने मान वळवली. अडवेल असं वाटलं, अडवावं असंही वाटलं. तो खुर्चीवरून उठला नाही. मी जिन्याने सात मजले उतरले, कारण एवढं सगळं करून शिवाय लिफ्टमध्ये एकटीने जायचं मला जमलं नसतं.

कामोठे

रिक्षा हायवे ओलांडून कामोठ्याच्या बाजूला वळली तशी खाडीची एक फांदी लागली. मी बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलं. चिखल उघडा पडला होता, त्यावर बगळे फिरत होते आणि मधल्या बारीक धारेने उरलंसुरलं पाणी समुद्राकडे पळत होतं. भैया, गाडी घुमाव, असं माझ्या तोंडात आलं होतं. रिक्षावाल्याने आरशातून विचारलं, उलटी होतंय का. मी नाही म्हटलं. हॉस्टेल आलं.

मॅडमनी घड्याळ बघितलं, सही घेतली, वडील कुठे म्हणून विचारलं. मी म्हटलं, येतायत, ट्रॅफिक. त्यांनी चावी दिली.

खोलीत तीन खाटा. एक रिकामी, एकीवर न आलेल्या मुलीचं नाव चिकटवलेलं, आणि खिडकीजवळच्या खाटेवर एक मुलगी चप्पल न काढता, बॅग मांडीवर घेऊन बसलेली. प्रज्ञा. हिंगोलीकडच्या एका खेड्यातली, वडील शेतमजूर, तीन वर्षांपूर्वी वारलेले. रात्रभराच्या बसने एकटी आली होती आणि काल दुपारपासून अशीच बसून होती. मी आत गेले तशी ती दचकली. मला वाटलं होतं हॉस्टेलात सगळ्या मुली धीट असणार आणि मी एकटीच भित्री. तिला दचकलेलं बघून मला इतका आनंद झाला की लाज वाटली.

बाबा बारा वाजून गेल्यावर आला. गादी डोक्यावर. कालचा प्रवेशाचा दिवस सोडला तर पुरुषांना फाटकाच्या आत मनाई होती, म्हणून मी खाली गेले. त्याने वळकटी माझ्या हातात दिली. जेवलीस का विचारलं, मी हो म्हटलं. जेवले नव्हते. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. माझ्या मागे, वरच्या मजल्यांच्या खिडक्यांकडे बघत राहिला. मग पाणी आता लागलं, एवढं म्हणाला आणि गेला. मी वाट बघत होते की वळून बघेल. नाही बघितलं. ओहोटीला निघाले म्हणून तो रागावला, आणि आता जे काही वाईट होईल ते मी माझ्या हाताने ओढवून घेतलेलं असेल, असं मला वाटलं. गादी धरून मी तिथेच रडले. वॉचमनने खुर्ची दिली.

त्या संध्याकाळी आईचा फोन आला. अश्विनीचं ऐकून मी उचलला नाही. मोबाईल उशीखाली वाजत राहिला, आणि प्रज्ञा माझ्याकडे बघत राहिली.

पुढचे दिवस मी कसे काढले ते सविस्तर लिहीत नाही. मेसची आमटी रोज तीच. पाणी सकाळी ठरावीक वेळी, त्यासाठी बादल्यांची रांग. वर्गातलं इंग्रजी डोक्यावरून जायचं. पहिल्यांदा सांगाड्यातलं हाड हातात दिलं तेव्हा मी भिंतीला टेकून खाली बसले. कपाटाची चावी हरवली. ताप आला. प्रत्येक वेळी माझ्या मनात एकच यायचं, ओहोटीला निघाले ना. चांगलं एवढंच झालं की तापात माझ्या कपाळावर कोणीतरी ओला रुमाल ठेवत होतं. प्रज्ञाला गादीचा वास यायचा, पण तिने तो सहन केला. जवळ्याच्या चटणीची बाटली काढली तेव्हा मी घाबरतच तिला वास चालेल का विचारलं. ती म्हणाली, आमच्या आठवडी बाजारात हा जवळा सुकट म्हणून येतो की. तिने समुद्र कधी बघितला नव्हता, पण समुद्रातलं सगळ्यात बारीक ते लहानपणापासून खाल्लं होतं. मेसच्या पोळीबरोबर आम्ही दोघींनी ती बाटली दार बंद करून संपवली.

तेव्हाच कधीतरी मी तिला भरती-ओहोटीचं सगळं सांगितलं. अश्विनी, बाबाची पेरं, सातव्या मजल्यावरची सकाळ. ती मन लावून ऐकत होती. हसेल वाटलं, हसली नाही.

"मग होड्या बी भरतीलाच सुटत असतील?" तिने विचारलं.

हो म्हणायला मी तोंड उघडलं आणि मला धक्का आठवला. होड्या भरतीला सुटत नाहीत. शाळेत जाता-येता मी हजार वेळा बघितलं होतं. पाणी पूर्ण भरतं, धक्क्याला लागतं, होड्या तरंगत वाट बघतात आणि पाणी फिरलं, उतरायला लागलं की सुटतात. भरतीला त्या परत येतात. घरच्या कामाचं पाणी वेगळं, होडीचं वेगळं, आणि हे दोन्ही शेजारी ठेवून बघायचं मला कधी सुचलं नव्हतं. पण बाबा तर तांडेल होता. त्याला हे ठाऊक होतं. त्याचं अख्खं आयुष्य ओहोटीला घराबाहेर पडण्यात गेलं होतं.

परत मोरा

गणपतीला घरी आले. आळीत सगळ्यांनी विचारलं, आलीस? आणि मी सुट्टी आहे, सुट्टी, असं पुन्हा पुन्हा सांगत होते. अश्विनी लांबून बघत होती. सुट्टी म्हटल्यावर ती जवळ आली आणि मेसमध्ये काय देतात ते विचारत बसली. बाबा माझ्याशी नीटच वागत होता, पण त्या दिवसाचा विषय त्याने काढला नाही. मीही नाही. गौरी-गणपती गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबाची होडी सुटणार होती. आईने दिलेला डबा घेऊन मी धक्क्यावर गेले. पाणी काठोकाठ भरलं होतं, होड्या डुलत होत्या, खलाशी बर्फ भरत होते. बाबा दोर सोडवत बसला होता. मी डबा ठेवला आणि उभी राहिले. भीती होतीच, पण आता न विचारता परत हॉस्टेलला गेले असते तर तिथे झोप लागली नसती.

मी म्हटलं, होडी ओहोटीला सुटते ना? त्याने माझ्याकडे असं बघितलं, की हे काय विचारणं झालं.

"व्होय तं. ओहोटी भायेर नेतं, भरती घरी आनतं."

"मंग मना भरतीला का नेत होतास?"

तो दोराची गाठ सोडवत राहिला. गाठ सुटलेली होती, तरी सोडवत राहिला. मला वाटलं आता ओरडेल. पलीकडच्या होडीचं इंजिन सुरू झालं, त्याचा धूर आमच्यावरून गेला.

"तू परत यावी म्हनून," बाबा म्हणाला. आणि मग दोर गुंडाळत, "आत्या गेली ती येतं का आता? पावन्यासारी येतं. तू पन तशीच होशील, असं वाटलं मना."

म्हणजे मी इतके दिवस घाबरत होते की आपण परत येऊ, आणि हा घाबरत होता की मी परत येणार नाही. फाटकापाशी तो खिडक्यांकडे बघत होता तेव्हा रागावलेला नव्हता. मी म्हटलं, आले ना गणपतीला. तो हो म्हणाला. पाणी फिरलं. खलाशांनी हाक मारली आणि होडी सुटली, उतरत्या पाण्यावरून सरळ बाहेर. मी ती लहान होईपर्यंत बघत उभी राहिले. माझा बाबा असा रोज जातो आणि आई त्या वेळी घरात भाकऱ्या थापते, हे पहिल्यांदाच नीट लक्षात आलं.

होडी दुसऱ्या दिवशी पहाटेच्या भरतीला परत आली. मला त्याच दिवशी हॉस्टेलला जायचं होतं. आईने रीतीप्रमाणे दुपारचं ठरवलं होतं, पाणी लागल्यावर. मी तन्वीच्या वेण्या घालत बसले होते, सकाळचे आठ वाजायचे होते. बाबा धक्क्यावरून आला तो अंघोळ न करता तसाच दारात उभा राहिला, अंगाला मासळीचा वास, पाय ओले.

"पानी उतराला लागलंय," तो म्हणाला. "चल बाय, निघ."

आईने स्वयंपाकघरातून तोंड काढलं. काही म्हणणार होती, पण त्याच्याकडे बघून परत आत गेली. तन्वी अर्ध्या वेणीने उठली आणि माझी बॅग आणायला धावली.

बाबा स्टँडपर्यंत सोबत आला. एसटी आली, मी चढले, त्याने खिडकीतून बॅग दिली. माझे हात गार पडले होते, नेहमीसारखे. बॅग घेताना त्याची बोटं लागली. तीही गारच होती.